माशीने मासा: सुरुवात ब्लूगिलपासून करा

मिशिगनमध्ये आलेला मराठी माणूस पहिल्या उन्हाळ्यात ग्रिल घेतो, दुसऱ्या उन्हाळ्यात तंबू घेतो, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात ऑफिसातलं कुणीतरी त्याला फ्लाय फिशिंगचं, म्हणजे नकली माशी फेकून मासे धरायचं, वेड लावतं. मग तो थेट ट्राउट माशाच्या मागे लागतो. तीन तास गाडी हाकत उत्तरेला जायचं, मांडीभर गार पाण्यात उभं राहायचं, दिवसभर काठावरच्या फांद्या गळाला लावायच्या आणि घरी येऊन रॉड गराजच्या कोपऱ्यात उभा करायचा, तो कायमचाच. माझा असा दोन वर्षं उभा होता. तो पुन्हा हातात आला तो घरापासून पंधरा मिनिटांवरच्या एका लहानशा तळ्यावर, बारा फुटी होडीत, तळहाताएवढ्या ब्लूगिलमुळे.

म्हणून नव्याने सुरू करणाऱ्याला माझं सांगणं असं, की ट्राउट राहू द्या, ब्लूगिल धरा. तुमची फेक वाकडी पडली तरी हा मासा चालवून घेतो. होडीतली आदळआपट आणि हाताची घाई मात्र तो चालवून घेत नाही. पुढचं निम्मं लिखाण या दोन खोडींबद्दलच आहे.

मासा ओळखायचा कसा

ब्लूगिल हा सनफिशच्या कुळातला. अंगाने चपटा आणि गोलसर. कोकणातल्यांना पाहताक्षणी कालुंदर आठवेल, नातं काही नसलं तरी. कल्ल्याच्या मागच्या टोकाला काळाभोर ठिपका असतो, लहान मुलाच्या कानामागे तीट लावावी तसा. पाठीवरच्या पराच्या मागच्या भागात आणखी एक पुसट काळा डाग. अंगावर उभे पट्टे, आणि विणीच्या दिवसांत नराची छाती नारिंगी होते. तोंड मात्र एवढंसं. करंगळीचं टोक जेमतेम जाईल. हे तोंड लक्षात ठेवा, गळाचा आकार त्यावरूनच ठरतो.

सहा-सात इंची मासा नेहमीचा, आठ इंची चांगला, दहा इंची मिळाला तर फोटो काढून गावाकडच्या ग्रुपवर टाकावा. आजवरचा सगळ्यात मोठा १९५० साली अलाबामात मिळाला होता, ४ पौंड १२ औंसांचा, म्हणजे दोन किलोंच्या वर. आपल्या तळ्यात तसं काही नाही. उत्तरेच्या थंड पाण्यात आठ इंचांपर्यंत पोचायलाच या माशाला पाच-सहा वर्षं तरी लागतात.

जाता जाता एक गोष्ट. हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेचा. १९६० साली शिकागोच्या महापौरांनी तो जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांना भेट दिला. पुढे तिथल्या तळ्यांत तो असा माजला की देशी मासे हटू लागले, आणि २००७ मध्ये, तोवर सम्राट झालेल्या अकिहितोंनी त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. तेव्हा एका तळ्यातला जिवंत मासा हौसेने दुसऱ्या तळ्यात सोडू नका, घरामागच्या डबक्यातही नको.

आधी परवाना

मिशिगनमध्ये वय १७ पूर्ण झालं की मासेमारीचा परवाना लागतो. राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या वेबसाइटवर किंवा खेळाच्या सामानाच्या दुकानात तो पाच मिनिटांत मिळतो. वार्षिक परवाना १ मार्चपासून पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालतो. भारतातून आई-बाबा आले असतील आणि बाबांनी नुसता हौसेने रॉड हातात धरला, तरी त्यांना परवाना हवाच. त्यांच्यासाठी एका दिवसाचा मिळतो, तो आधीच काढून ठेवा. जूनमध्ये एक शनिवार-रविवार असा असतो की परवान्याशिवाय मासे पकडता येतात. घरच्यांना चटक लावायची असेल तर तोच मुहूर्त बघा.

सनफिशच्या सगळ्या जाती मिळून दिवसाला २५ मासे ही सर्वसाधारण मर्यादा आहे, पण काही तळ्यांवर ती बरीच कमी केलेली आहे. त्यामुळे जायच्या आधी त्या वर्षीची नियमपुस्तिका उघडून आपल्या तळ्याचं नाव शोधा. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तिथला आकडा वेगळा, वयाची अटही वेगळी.

सामान थोडकंच

आजोबांबरोबर कर्ली नदीच्या काठावर गरवायला बसलेल्यांना इथे एक गोष्ट उलटी करून घ्यावी लागते. गरीला शिसं बांधलेलं असतं, ते वजन दोरी ओढून नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये टोकाला असते पिसांची, फोमची नाहीतर बुचाची नकली माशी, आणि तिला वजन म्हणून नसतंच. वजन असतं लाईनला. म्हणून ही लाईन जाड, रंगीत आणि प्लॅस्टिकचा लेप दिलेली असते, आणि आपण फेकतो ती लाईनच. माशी तिच्या मागे फरफटत जाते.

लाईनला नंबर असतात. ब्लूगिलसाठी तीन ते पाचमधला कुठलाही चालतो. मी चार नंबरचा साडेआठ फुटी रॉड वापरतो आणि त्यावर चार नंबरचीच, पुढच्या भागात जड असलेली तरंगती लाईन. रॉडवर छापलेला नंबर आणि लाईनचा नंबर एकच घ्या. दुकानदार काहीही म्हणो, रिळावर पैसे घालवू नका. इथे रीळ म्हणजे लाईन गुंडाळून ठेवायची फिरकी, बाकी काही नाही. ब्लूगिल आणायचा तो डाव्या हाताने लाईन ओढून.

लाईनच्या टोकाला साडेसात फुटांचा लीडर, म्हणजे निमुळती होत जाणारी पारदर्शक दोरी. त्याचं टोक फोर-एक्स जाडीचं घ्या. ट्राउटवाले याहून बारीक सांगतील, पण पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारी बुचाची किंवा फोमची माशी, हवेत गरगरतो आणि बारीक टोकाला पीळ पडतो.

माश्या तीनच प्रकारच्या घ्या. पहिला पॉपर: बुचाचा किंवा फोमचा, तोंडाशी खोलगट, रबराचे पाय फुटलेला. दुसरा फोमचा कोळी, हा पाण्यावर बेतानेच तरंगतो. तिसरी निंफ, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या अळीची नक्कल, ही बुडते. तिन्ही १० नंबरच्या गळावर. गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे सुरुवातीला हमखास चुकतं. मी पहिल्यांदा हौसेने ६ नंबरचे टपोरे पॉपर आणले. संध्याकाळभर पाण्यावर टप-टप आवाज येत होता आणि मासा एकही नाही. मासे नुसते रबराचे पाय ओढून पळत होते. घरी आलो तेव्हा दोन पॉपर लंगडे झालेले होते.

याशिवाय डॉक्टर वापरतात तसा लांब टोकाचा चिमटा, गळाचा उलटा काटा दाबून सपाट करायला पक्कड, टोपी आणि चष्मा. चष्म्याला पर्याय नाही. गळ डोळ्यांच्या पातळीवरून ये-जा करत असतो.

पहिले धडे हिरवळीवर

पाण्यावर जायच्या आधी आठवडाभर घरामागच्या हिरवळीवर हात बसवा. लीडरला गळाऐवजी लोकरीचा लाल तुकडा बांधा. समोर तीसेक फुटांवर परात ठेवा. तळ्यावर याहून लांब फेकायची वेळ क्वचितच येते.

तुमच्या बाजूने घड्याळाची तबकडी आहे असं समजा. रॉड समोर खालून उचलत नेऊन मागे एकच्या काट्याशी झटकन थांबवायचा. थांबला की लाईन डोक्यावरून मागे जाऊन सरळ होते. ती सरळ होईपर्यंत काहीही करायचं नाही. मग पुढे आणून दहाच्या काट्याशी थांबवायचा आणि लाईन खाली पडू द्यायची. मनगट मोडायचं नाही, हालचाल कोपरातून.

सगळे चुकतात ते मागच्या थांब्यात. लाईन अजून मागे उलगडतेच आहे आणि हात पुढे निघाला, की ती आसुडासारखी कडाडते. असा आवाज आला की समजायचं, टोकाची माशी तुटून गेली. यावर उपाय साधा आहे: मान वळवून मागे बघा. लाईन ताणली गेलेली दिसली की मगच पुढे.

दोन दिवसांनी हाच सराव खुर्चीत बसून करा, कारण होडीत तुम्ही बसलेलेच असणार. बसल्यावर रॉडचं टोक खाली येतं, मागची लाईन गवताला टेकते, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. हे घरीच कळलेलं बरं. शेजारच्या आजींनी मला खुर्चीत बसून काठी हलवताना पाहिलं आणि तब्येतीची चौकशी केली होती.

होडी: इथेच मासे जातात

माझी होडी दहा वर्षं वापरलेली, ॲल्युमिनियमची, सपाट बुडाची, बारा फुटी. इकडे तिला जॉन बोट म्हणतात. ती डुलते कमी आणि गुडघाभर पाण्यातही चालते. सुरुवातीला विकत घ्यायची गरज नाही, केन्सिंग्टनसारख्या मोठ्या मेट्रोपार्कमध्ये होड्या भाड्याने मिळतात. मिशिगनमध्ये १६ फुटांपर्यंतच्या, नुसत्या वल्ह्यांवर चालणाऱ्या खाजगी होडीला नोंदणी लागत नाही. छोटी बॅटरीवरची मोटर लावली तरी मात्र लागते.

माणशी एक तरंगतं जाकीट हवं, आणि ते बाकाखाली कोंबलेलं नको, अंगात हवं. सहा वर्षांखालच्या मुलांनी उघड्या होडीत ते घातलेलंच पाहिजे, असा राज्याचा कायदा आहे. मे महिन्यात हवा छान असते पण पाण्यावरचा बर्फ वितळून फार दिवस झालेले नसतात. त्या पाण्यात चांगला पोहणाराही गारठून हातपाय आखडून घेतो. होडीत उभं राहायचं नाही. किती माणसं आणि किती वजन चालेल, ते होडीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. "आपण सगळेच जाऊ" हा आपला स्वभाव तेवढा किनाऱ्यावर ठेवा.

आता आवाजाचं. एकदा पहाटे साडेसहाला कमळाच्या पानांजवळ होडी लावली, पाण्यावर चरा नाही. मासे पृष्ठभागावर खात होते, वर्तुळं उठत होती. भूक लागली म्हणून पोह्यांचा स्टीलचा डबा उघडायला घेतला आणि तो हातातून सुटून होडीच्या तळावर आदळला. देवळातली घंटा वाजावी तसा नाद सगळ्या तळ्यावर गेला. वर्तुळं बंद. पुढचा अर्धा तास मी पोहे खाल्ले. आवाज हवेतून पाण्यात फारसा जात नाही, तुम्ही गप्पा खुशाल मारा. पण होडीच्या पत्र्यावर बसलेला ठोका थेट पाण्यात उतरतो. दुसऱ्या दिवशी मी जुन्या गालिच्याचा तुकडा कापून होडीत अंथरला. वल्ह्यांच्या कड्यांत थोडं तेल सोडा. नांगर फेकू नका, दोरीने हळूहळू खाली सोडा.

नांगर दोन हवेत, एक पुढे आणि एक मागे. एकाच नांगरावर होडी वाऱ्याबरोबर घड्याळाच्या लंबकासारखी झुलते आणि तुमचा नेम दर मिनिटाला दुसरीकडेच जातो. लहान तळ्यावर वारा शांत असेल तोवर दोन नांगर ठीक, वारा वाढला की आधी मागचा उचला आणि काठाकडे निघा. होडी आडवी लावा, म्हणजे फेक होडीच्या बाजूने जाईल, समोर बसलेल्याच्या डोक्यावरून नाही. नवखे दोघे असाल तर एकाने फेकायचं, दुसऱ्याने वल्ही सांभाळायची, अर्ध्या तासाने अदलाबदल. उजव्या हाताने फेकणाऱ्याच्या उजवीकडून वारा येत असेल तर माशी थेट कानाकडे येते. तेव्हा फेकीचं कौशल्य दाखवत बसू नका, होडी फिरवून घ्या.

आणि लाईन. डाव्या हाताने ओढलेली लाईन पायाशी साठते आणि होडीत जे जे काही बाहेर आलेलं असेल त्याला अडकते: बुटाची नाडी, वल्ह्याचं कडं, पिशवीचा पट्टा, चिमट्याचं टोक. पायाशी ओला टॉवेल पसरून लाईन त्यावर पडू द्या.

कुठे आणि कधी

दक्षिण मिशिगनमध्ये मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत ब्लूगिलचा हंगाम. पाण्याचं तापमान ६७ ते ७० अंश फॅरनहाइटच्या आसपास आलं की नर उथळ पाण्यात, दोन ते पाच फुटांवर, शेपटीने वाळू झटकून घरटी करतात. वरून बघितलं तर तळाशी पराती मांडून ठेवल्यासारखे फिकट गोल खळगे दिसतात, एकाला एक लागून, कधी तीस-चाळीस. पंगतच बसलेली असते म्हणा ना. होडी या पंगतीवरून नेऊ नका. तीस फूट दूर थांबा आणि कडेच्या घरट्यापासून सुरुवात करा.

अंडी घातल्यावर मादी निघून जाते आणि नर राखण करतो. जवळ येईल त्यावर तो तुटून पडतो, त्यामुळे या दिवसांत अगदी पहिल्यांदा येणाऱ्यालाही मासा मिळतो. पण त्यातलाच धोका समजून घ्या. राखणीला बसलेले हे सगळ्यात मोठे नर उचलून नेले की त्यांच्या जागी लहान नर लवकर वयात येतात, वाढायची ताकद विणीत घालवतात, आणि काही वर्षांत तळं तीन-चार इंची माशांनी भरून जातं. छाती नारिंगी झालेला मोठा नर मिळाला की मी तो परत सोडतो.

जुलै-ऑगस्टमध्ये घरटी रिकामी होतात. तेव्हा सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य झाडांमागे गेल्यावर जा. कमळाच्या पानांची कड, पडलेलं झाड, लाकडी धक्क्याची सावली, आणि पाणवनस्पती जिथे संपून तळ खाली उतरतो ती रेघ, एवढ्याच जागा बघा. भर दुपारी मासा दहा-पंधरा फूट खाली असतो. तिथे पॉपरचा काही उपयोग नाही, निंफ लावा.

फेकल्यावर काय करायचं

पॉपर पाण्यावर पडला की त्याच्याभोवती वर्तुळं उठतात. इथे हात शिवशिवतो. लाईन ओढू नका. वर्तुळं पसरत जाऊन पूर्ण मिटू द्या, आणि मिटल्यावरही पाच आकडे मोजा. सगळ्यात जास्त मासे मला याच पाच आकड्यांत मिळाले आहेत. पॉपर पडल्याच्या आवाजाने ब्लूगिल दचकून दोन हात लांब जातो, मग वळून परत येतो आणि त्याच्या खाली येऊन थांबतो. पाणी नितळ असेल तर दिसतो. नाक वर, पर हलकेच हलताहेत, भाजीवाल्याकडे वांगं उलटंपालटं करून बघावं तशी पारख चाललेली. त्या क्षणी पॉपर हलला तर तो जातो. रबराचे पाय आपोआप थरथरत असतात, तेवढं त्याला पुरतं.

पाच मोजूनही काही झालं नाही तर रॉडचं टोक पाण्याशी ठेवून लाईन दोनच इंच ओढा. हलकासा "बुळुक" आवाज होईल. पुन्हा वर्तुळं, पुन्हा थांबा. होडीपर्यंत असं तीन-चार वेळा.

मासा घेतो तेव्हा फार गाजावाजा होत नाही. बशीतून चहा भुरकल्यासारखा आवाज येतो आणि पॉपर नाहीसा होतो. तेव्हा रॉड फक्त उचला, पिशवी उचलतो तितक्याच जोराने. नवीन माणूस हिसका देतो आणि पॉपर उडून त्याच्याच टोपीला लागतो. हुकला तर माशी उचलून घेऊ नका, तिथेच राहू द्या. ब्लूगिल बहुतेक वेळा पुन्हा येतो.

लागल्यावर हा मासा सरळ पळत नाही. चपटं अंग आडवं करून गोल गोल फिरतो, आणि सात इंची माशाने चार नंबरचा रॉड मुठीपर्यंत वाकतो. लाईन सैल न सोडता डाव्या हाताने ओढत राहा.

निंफसाठी एकच युक्ती सांगतो. पॉपरच्या गळाच्या वाकणाला दीड फूट टिपेट, म्हणजे लीडरच्या टोकासारखी बारीक दोरी, बांधून त्याला निंफ लावा. पॉपर मग गरीच्या बुचाचं काम करतो, तो दबला किंवा बाजूला सरकला की रॉड उचला. जास्त खोल जायचं असेल तर पॉपर काढून टाका, नुसती निंफ सोडा आणि मनात आकडे मोजा. बाराव्या आकड्याला मासा मिळाला तर पुढच्या वेळी सरळ बारापर्यंत मोजूनच ओढायला सुरुवात करा.

हातात आल्यावर

आधी हात पाण्यात बुडवा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. पाठीच्या पराला टोकदार काटे असतात. डोक्याकडून शेपटीकडे तळवा फिरवत पर मिटवून घ्या आणि मग धरा. गळ आत गेला असेल तर बोटं घालू नका, चिमटा वापरा. फारच आत असेल तर टिपेट तोंडाशी कापा आणि सोडून द्या.

खायला न्यायचे तर सहा-सात इंची मासे निवडा, मोठे सोडा. बर्फ बरोबर हवाच. कुठल्या तळ्यातला मासा महिन्यात किती वेळा खावा, याची मार्गदर्शक यादी राज्याचं आरोग्य खातं काढतं, ती एकदा बघून घ्या. घरी आल्यावर खवले काढा, पोट साफ करा, डोकं उडवा, दोन्ही बाजूंनी आडव्या चिरा द्या. आगळ, हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण लावून अर्धा तास मुरवा आणि रवा-तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर खरपूस भाजा. पांढरं, गोडसर मांस आहे. काटे आहेत, पण आपल्याला त्याचं काय.

राहिलं एक. तळं सोडताना धक्क्यावरच होडीला आणि नांगराला चिकटलेलं शेवाळ, पानं काढून टाका. होडीच्या मागच्या बाजूला पाणी जाण्यासाठी बूच असतं, ते काढून सगळं पाणी तिथेच सांडा. झेब्रा मसल्स या शिंपल्यांसारखे उपरे जीव याच पाण्यातून एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात, म्हणून मिशिगनमध्ये बूच काढूनच होडी रस्त्यावर आणायची असा २०१९ पासून कायदा आहे. काढलेलं बूच मी खिशात ठेवायचो. आता ते होडीच्या दोरीलाच बांधून ठेवतो. कारण गेल्या जूनमध्ये धक्क्यापासून चाळीस फूट आत गेल्यावर पायांना गार लागलं, खाली बघितलं तर गालिचा भिजून फुगलेला आणि पोह्यांचा डबा तरंगत तरंगत माझ्याकडे येत होता.